‘का’ न विचारणारे सिनेमे

नट अभिनय करतो, कॅमेरावाला चित्रण करतो, गाणारा गातो, लिहिणारा लिहितो. मग दिग्दर्शक करतो तरी काय? आणि त्याची ‘शैली’ म्हणजे नेमकी कुठे बघायची? आमच्या वाचनालयाच्या हस्तलिखित दिवाळी अंकासाठी ‘सुमित्रा भावे : कारकीर्द आणि शैली’ हा विषय माझ्या वाट्याला आला, तेव्हा या दोन प्रश्नांपलीकडे माझ्याजवळ काही नव्हतं. त्यांचा एकही सिनेमा मी पाहिलेला नव्हता.

मी चाकणच्या पट्ट्यात एका फोर्जिंगच्या कारखान्यात डाय सेटर आहे. राहायला निगडीत, यमुनानगरला. वाचनालय चालवणाऱ्या बाई शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. दर महिन्याच्या एका रविवारी त्या पडदा लावून सिनेमा दाखवतात आणि नंतर चर्चा ठेवतात. चर्चेला मी मागे बसायचो. विषय मिळाल्यावर मी म्हटलं, “बाई, मला यातलं काही कळत नाही.”

“अरे, ज्यांना कळतं त्यांनी लिहून झालंय. तू पहिल्यांदा बघणार आहेस ना, मग जसं दिसेल तसं लिही.”

म्हणून हे जसं दिसलं तसं.

पहिला सिनेमा ‘कासव’. बाईंनी तोच आधी दिला, कारण ६४ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ त्याला मिळालं. ‘श्यामची आई’, ‘श्वास’, ‘देऊळ’, ‘कोर्ट’ आणि त्यानंतर ‘कासव’. मराठीत हा मान एवढ्याच सिनेमांना मिळालेला. दुसरी पाळी करून रात्री घरी आलो, जेवलो आणि लावला. एक तरुण मुलगा जीव द्यायला निघालेला. इस्पितळातून पळतो, रस्त्याच्या कडेला तापाने फणफणून पडतो. जानकी नावाची बाई त्याला गाडीत घालून कोकणातल्या घरी आणते. ही स्वतः नैराश्यातून गेलेली आहे. गाडी चालवणारा यदू आहे, समुद्रकाठी कासवांच्या अंड्यांची राखण करणारे दत्ताभाऊ आहेत. आता ही बाई त्याला विचारणार, बाबा रे तुझं नाव काय, झालं काय? मी वाट बघत राहिलो. ती विचारतच नाही. मुलगा तुसडेपणाने वागतो, ताट सरकवतो, दार लावून बसतो. ती जेवण ठेवते आणि जाते. अर्धा सिनेमा झाला तरी कोणी त्याला फैलावर घेत नाही, जवळ बसवून दोन शब्द सुनावतही नाही. आता मागची गोष्ट दाखवतील, प्रेमभंग किंवा नापास झाला असेल किंवा बापाने मारलं असेल, असं म्हणत मी टक लावून बसलो. ‘या एकाच कारणापायी’ असं बोट ठेवता येईल असं काही सिनेमाने माझ्या हातात ठेवलं नाही.

मी चक्रावून गेलो, आणि का चक्रावलो ते सांगायला कारखान्यात जावं लागेल.

आमच्याकडे तुकडा रिजेक्ट झाला की ‘व्हाय-व्हाय’ भरावं लागतं. कागदावर पाच रकाने. तुकडा अंडरफिल का झाला? कारण बिलेट थंड होता. थंड का होता? कारण इंडक्शन हीटरमधून बाहेर आल्यावर तो हॅमरपर्यंत यायला वेळ लागला. वेळ का लागला? असं पाच वेळा ‘का’ विचारत खाली उतरायचं आणि तळाशी मूळ कारण धरायचं. मूळ कारण सापडलं की उपाय, उपाय झाला की कागद बंद. इतकी वर्षं या पट्ट्यात काम केल्यावर डोकं तसंच चालायला लागतं. पोराचे मार्क का घसरले, शेजाऱ्याचं घर का मोडलं, सगळीकडे पाच रकाने. ‘कासव’मध्ये माझा पहिलाच रकाना भरेना. एक माणूस मरायला निघालाय आणि आजूबाजूच्या शहाण्यासुरत्या माणसांना कारण विचारावंसं वाटत नाही, हा कसला सिनेमा?

पुढे दिग्दर्शिकेची माहिती वाचायला लागलो तेव्हा गोंधळ कमी व्हायच्या ऐवजी वाढला. सुमित्रा भावे यांचा जन्म १२ जानेवारी १९४३ चा, पुण्यातला. शिक्षण राज्यशास्त्र आणि समाजशास्त्राचं, पुढे मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसमध्ये समाजकार्याचं. काही काळ आकाशवाणीवर मराठी बातम्या वाचल्या. पुण्याच्या कर्वे समाजसेवा संस्थेत शिकवलं. ‘स्त्रीवाणी’ या संस्थेसाठी वस्तीतल्या, गरीब घरांतल्या बायकांच्या जगण्यावर संशोधन केलं. आठ दलित स्त्रियांनी सांगितलेल्या आपापल्या कहाण्यांचं त्यांचं एक पुस्तक इंग्रजीत आलं, त्याचा अनुवाद गेल ऑम्व्हेट यांनी केला. म्हणजे या बाईंचा पेशाच प्रश्न विचारण्याचा! मुलाखती घ्यायच्या, नोंदी करायच्या, कारणं शोधायची. आमच्या पाच रकान्यांची जी विद्या, तीच त्यांची विद्या, फक्त माणसांच्या बाबतीत. मग त्यांच्या सिनेमातली माणसं विचारत का नाहीत?

सुमित्राबाई सिनेमाकडे वळल्या त्याचं कारण मला फार पटलं. ज्या बायकांवर संशोधन केलं त्यांना तो अहवाल वाचता येणार नव्हता. त्यांचंच जगणं कागदावर आलं, आणि तो कागद त्यांच्याच उपयोगाचा नाही. पडद्यावर दाखवलं तर त्या स्वतः बघतील, बोलतील, भांडतीलसुद्धा. म्हणून १९८५ साली ‘बाई’ हा लघुपट केला. वय चाळिशीच्या पुढे गेलेलं. फिल्म इन्स्टिट्यूट त्यांच्या गावातच होती, पण तिथे त्या शिकलेल्या नव्हत्या. कॅमेरा कुठे ठेवायचा हे कुणी शिकवलेलं नसताना केलेल्या या पहिल्या प्रयत्नाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दोन वर्षांनी केलेल्या ‘पाणी’लाही मिळाला. हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून काही वेळ तसाच बसलो. आमच्याकडे आयटीआयचा कागद नसेल तर मशीनला हात लावू देत नाहीत.

हे मी वाचनालयाच्या बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, अशी वाट आधीही एकाने तुडवलीय. जॉन ग्रीअर्सन. स्कॉटलंडचा माणूस, जन्म १८९८ चा, ग्लासगोला तत्त्वज्ञान शिकलेला. शिष्यवृत्ती घेऊन अमेरिकेला गेला तो जनमत कसं घडतं याचा अभ्यास करायला. तिथे त्याला वाटलं की शाळा आणि छापील कागद जिथे पोचत नाहीत तिथे सिनेमा पोचेल. परत येऊन १९२९ मध्ये त्याने ‘ड्रिफ्टर्स’ केला, हेरिंग मासे पकडणाऱ्या कोळ्यांवर. नट नाहीत, नायिका नाही; बोटी, जाळी, वाफेची इंजिनं आणि राबणारी माणसं. आज ‘माहितीपट’ म्हणून जो प्रकार आपण ओळखतो, त्याच्या मुळाशी हा माणूस आहे. त्याने स्वतः फारच थोडे सिनेमे दिग्दर्शित केले, पुढे इतरांकडून करून घेतले. बाईंनी ‘ड्रिफ्टर्स’चा थोडा भाग दाखवला. मला त्यातलं इंजिन आवडलं आणि माणसं जरा लांबच राहिली. ग्रीअर्सनला काम दिसतं, कामातली शान दिसते. सुमित्रा भावे तिथे थांबत नाहीत. त्या काम संपवून घरी आलेल्या माणसाबरोबर आत जातात, तो पाणी कुठून घेतो, कुणाशी बोलायचं टाळतो ते बघतात. अभ्यासकाचा सिनेमा म्हटल्यावर मला आकडे आणि निवेदकाचा जाड आवाज अपेक्षित होता. तो त्यांच्याकडे नाही.

त्यांची माणसं विचारत का नाहीत, याचं उत्तर मला ‘देवराई’ बघताना थोडं सुचलं. २००४ चा सिनेमा. अतुल कुलकर्णीने शेष नावाच्या माणसाचं काम केलंय. त्याला स्किझोफ्रेनिया आहे, आणि गावाकडची देवराई हे त्याचं सगळं जग. सोनाली कुलकर्णी त्याची बहीण. ती त्याला आपल्या घरी आणते, आणि नवरा, मूल, शेजार, पैसा या सगळ्यांत ते दुखणं सांभाळते. हा सिनेमा पुण्यातल्या स्किझोफ्रेनियावर काम करणाऱ्या मंडळींच्या साथीने झालेला. त्यामुळे डॉक्टर येईल, फळ्यावर आकृती काढून मेंदू समजावेल, शेवटी ‘गोळ्या वेळेवर घ्या’ असं सांगतील, अशा तयारीने मी बसलो होतो. डॉक्टर आहे, गोळ्याही आहेत. पण त्याआधी शेषला जे दिसतं आणि ऐकू येतं ते आपल्याला दाखवलंय. त्याच्या डोक्यात जाऊन बसल्यावर तो जे करतो ते वेडेपणाचं वाटतच नाही, पुढचं पाऊल वाटतं. पुरस्कारसुद्धा सिनेमाला पर्यावरण रक्षणाच्या विषयातला मिळाला, हे वाचून मी आधी बुचकळ्यात पडलो. मग लक्षात आलं की त्यातलं जंगल मागच्या पडद्यासारखं वापरलेलंच नाही. शेषचं मन आणि ती राई एकाच वेळी तुटत असते.

हे बघून मला आमच्या शॉपमधला एक कंत्राटी पोरगा आठवला. ट्रिमिंग प्रेसवर होता. हळूहळू स्वतःशी बोलायला लागला, मग मध्येच थांबून छताकडे बघायचा. प्रेसवर असं थांबणं म्हणजे बोटं जायची. सगळ्यांनी त्याला ‘का रे असं करतोस’ एवढंच विचारलं. मीही विचारलं. त्याला सांगता येत नव्हतं. महिन्याभरात त्याची चिठ्ठी फाटली आणि तो गावी गेला. त्याला डॉक्टरकडे नेणारं कुणी होतं की नाही, मला माहीत नाही. ‘का’ हा प्रश्न त्याच्या तोंडावर फेकण्याने त्याचं काहीच भलं होणार नव्हतं, हे मला ‘देवराई’नंतर कळलं. आणि मग ‘कासव’मधली जानकी समजली. तिला कारण नको आहे असं नाही. पण आत्ता त्या मुलाला कारण सांगण्याची ताकद नाही, भूक आहे आणि झोप नाही, हे तिने ओळखलंय. ती आधी भूक आणि झोप बघते. किनाऱ्यावर मादी कासव रेतीत अंडी घालून निघून जाते, पिल्लं आपली आपण समुद्राकडे जातात, दत्ताभाऊ फक्त वाटेतली कुत्री आणि माणसं दूर ठेवतात. त्या प्रसंगाचं प्रयोजन मला दुसऱ्यांदा बघताना लागलं.

तेव्हा माझ्यापुरता हिशेब असा जुळला : सुमित्राबाई ‘का’ विचारत नाहीत असं नाही. त्यांनी ते सिनेमाच्या आधी विचारून घेतलेलं असतं. महिनोन् महिने, खऱ्या माणसांना, डॉक्टरांना, घरच्यांना. सगळे रकाने भरून झाले की तो कागद त्या बाजूला ठेवतात आणि पडद्यावर फक्त माणूस आणतात. २००६ चा ‘नितळ’ घ्या. कोड आलेल्या मुलीचं लग्न हा विषय, पुण्यातल्या ‘श्वेता असोसिएशन’च्या डॉ. माया तुळपुळे त्याच्या मागे उभ्या. कोड संसर्गजन्य नाही हे सांगायचंच आहे, आणि ते सांगितलंही आहे. पण मला लक्षात राहिली ती मुलाच्या घरी जमलेली वेगवेगळ्या पिढ्यांची माणसं. एकेकाचं तिच्याकडे बघणं वेगळं. कुणी मुद्दाम जास्त गोड वागतं, कुणी तिच्या चेहऱ्याकडे बघायचंच टाळतं. देविका दफ्तरदारने ते बघणं झेललंय. त्या घरात मी गेलेलो आहे असं वाटतं. तसलं घर उभं करणं हेच दिग्दर्शकाचं काम असावं, असं तिथे पहिल्यांदा वाटलं. आणि वाचताना कळलं की कथा, पटकथा, संवाद यांबरोबर कलादिग्दर्शन आणि वेशभूषासुद्धा बऱ्याच सिनेमांत त्यांचीच. म्हणजे भांडी कुठली, पडदे कुठले, साडी किती वापरलेली, हे सगळं लिहिणारीनेच ठरवलेलं. म्हणून त्यांच्या सिनेमातली घरं दुकानातून आणून मांडल्यासारखी दिसत नाहीत.

एक गोष्ट मात्र मला अजूनही उकलत नाही. हे सिनेमे दोघांचे आहेत. सुनील सुकथनकर ‘बाई’च्या वेळी सहायक म्हणून आले, फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये दिग्दर्शन शिकले, आणि पुढे जवळजवळ सगळ्या सिनेमांवर ‘सुमित्रा भावे–सुनील सुकथनकर’ असं जोडनाव लागलं. गाणीही बहुतेक त्यांनीच लिहिलेली. दोन माणसं एक सिनेमा कसा दिग्दर्शित करतात? आमच्याकडे हॅमरवर इशारा एकाचाच चालतो. दोघांनी हात वर केला तर कुणाचा तरी हात जायचा. इथे वयात मोठं अंतर असलेली, एक शिकलेली नाही आणि एक शिकलेला, अशी दोन माणसं पस्तीस वर्षं एकाच खुर्चीवरून काम करतात. बाई म्हणाल्या, लिहिणं बहुतेक सुमित्राबाईंचं आणि सेटवर दोघं. एवढ्याने माझं समाधान झालेलं नाही. कोणता तुकडा कुणाचा हे ओळखायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. ओळखता आला नाही. जोड दिसतच नाही.

‘अस्तु’ने तर पुरतं हलवलं. डॉ. मोहन आगाशे त्यात चक्रपाणी शास्त्री आहेत. संस्कृतचे मोठे पंडित, आता अल्झायमरने सगळं विसरत चाललेले. मुलगी त्यांना गाडीत बसवून कामाला उतरते. शास्त्रीबुवांना रस्त्यावर हत्ती दिसतो, आणि ते मुलासारखे त्याच्या मागे निघून जातात. इकडे शोधाशोध, पोलीस, बहिणींची भांडणं. तिकडे हत्तीवाल्याच्या पालावर चन्नम्मा त्यांना जेवू घालते. अमृता सुभाषने ही कानडी बोलणारी बाई केलीय, आणि सहायक अभिनेत्रीचं राष्ट्रीय पारितोषिक मिळवलंय. संवादांचं पारितोषिक सुमित्राबाईंना. चन्नम्मा त्यांना ओळखत नाही, त्यांची विद्वत्ता तिच्या गावीही नाही. एका म्हाताऱ्याला भूक लागलीय, तो लेकरासारखा वागतोय, एवढं तिला पुरेसं आहे. शास्त्रीबुवा तिला आई म्हणतात. मुलीला प्रश्न पडलाय की ज्यांना काही आठवत नाही ते माझे वडील आहेत का. चन्नम्माला असा प्रश्नच पडत नाही. पुन्हा तेच. ज्याला सगळी कारणं ठाऊक आहेत तो गोंधळलेला, आणि जिला काही ठाऊक नाही ती नेमकं करते. इतका चांगला सिनेमा चित्रगृहांत यायला २०१६ उजाडलं, तेही लोकांनी वर्गणी काढल्यावर. वर्गणीचं वाचून मला बरंही वाटलं आणि रागही आला.

सगळ्यात जास्त लिहायचंय ते ‘दिठी’बद्दल. तो सगळ्यात शेवटी पाहिला. मे २०२१ मध्ये तो सोनी लिव्हवर आला, तेव्हा सुमित्राबाईंना जाऊन महिना झाला होता. १९ एप्रिल २०२१ ला त्या पुण्यात वारल्या. ही कथा पडद्यावर आणायचं त्यांच्या मनात कितीतरी वर्षं होतं म्हणे. कथा दि. बा. मोकाशींची, ‘आता आमोद सुनासि आले’. मोकाशींबद्दल वाचलं तर ते पुण्यात रेडिओ दुरुस्तीचा धंदा करायचे. आळंदीच्या पालखीबरोबर स्वतः चालत जाऊन त्यांनी ‘पालखी’ लिहिलं, आणि आमच्या देहूच्या तुकोबांवर, त्यांच्या धाकट्या भावाच्या तोंडून, ‘आनंदओवरी’. हाताने काम करणारा लेखक म्हटल्यावर मला तो आपला वाटला. वारी तर आमच्या दारातूनच जाते. तुकोबांची पालखी देहूहून निघते, निगडीवरून येते आणि आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्काम करते. त्या दिवशी आम्ही पहिली पाळी करून वारकऱ्यांना चहा द्यायला रस्त्यावर उभे असतो.

‘दिठी’तला रामजी लोहार आहे. किशोर कदम. वर्षानुवर्षं वारी केलेला, पोथी ऐकणारा, देवाला मानणारा माणूस. त्याचा तरणाताठा मुलगा पुराच्या पाण्यात गेलाय. सून बाळंत झालीय आणि मुलगी झालीय. रामजीला ती नात डोळ्यांसमोर नको, सूनही नको. बाहेर पाऊस थांबायचं नाव घेत नाही. गावातली जुनी वारकरी मंडळी संतू वाण्याकडे पोथीला जमतात. दिलीप प्रभावळकर, मोहन आगाशे, गिरीश कुलकर्णी असे एकेक नट, पण कुणी पुढे येऊन ‘मी’ म्हणत नाही. पोथी चालू आहे, ज्ञानेश्वरांचं अद्वैत चालू आहे, आणि रामजीच्या कानांवरून सगळं वाहून जातंय. देव असा का वागला? रामजी माझाच प्रश्न विचारतोय, हे माझ्या लगेच ध्यानात आलं. तोही पाच रकाने घेऊन बसलाय, आणि पहिलाच भरत नाही.

मग हाक येते. एका बाईची गाय अडलीय. रामजीला गाय सोडवता येते, गावात हे सगळ्यांना माहीत आहे. तो उठतो.

वाचनालयात ज्या रविवारी ‘दिठी’ दाखवला, त्या दिवशी या प्रसंगाच्या वेळी बऱ्याच जणांची चुळबुळ झाली. इतका वेळ गाय कशाला दाखवायची, असं एक जण म्हणाला. मी धाराशिवकडच्या खेड्यातला. आमच्या गोठ्यात माझ्या वडिलांनी गाय सोडवताना मी कंदील धरलेला आहे. वासरू नीट येत असलं तर पुढचे दोन पाय आधी दिसतात, त्यांवर नाक. पाय मागे दुमडलेला असला किंवा मान वळलेली असली की गाय अडते. तेव्हा हात आत घालून चाचपून ओळखावं लागतं की लागतंय ते गुडघा आहे की खूर आहे. डोळ्यांचा काही उपयोग नसतो. कळ येते तेव्हा हात आवळला जातो, थांबायचं. कळ ओसरली की वळवायचं. ओढायचं तिच्या कळेबरोबर, आपल्या घाईने नाही. डाय बसवतानाही वरच्या आणि खालच्या साच्याचा मिसमॅच गेजने मोजायच्या आधी मला बोटांना कळतो, पण ती लोखंडाची गोष्ट झाली. इथे दोन जीव असतात.

म्हणून मला तो प्रसंग लांब वाटला नाही. उलट मला पहिल्यांदा दिग्दर्शक दिसला. दुसऱ्या कुणी हे दोन मिनिटांत उरकलं असतं. गाय हंबरली, पाऊस, रामजीचा घाम, वासरू बाहेर, संगीत. सुमित्राबाईंनी रामजीला वेळ दिला. पोथीने जे झालं नाही ते हाताने व्हायचंय, आणि हाताला वेळ लागतो, हे त्यांना माहीत होतं. जो हात नातीला जवळ घ्यायला तयार नव्हता तोच हात एका नवीन जिवाला वाट करून देतोय. रामजीच्या ‘का’चं उत्तर सिनेमा देत नाही. मुलगा का गेला, पांडुरंगाने असं का केलं, काहीच सुटत नाही. तो प्रश्न घेऊन बसलेला माणूस मात्र उठून कामाला लागलाय, आणि काम करता करता त्याची नजर बदललीय. इथे कुणी येऊन तसं बोलून दाखवलं असतं तर मी पडदा बंद केला असता.

चर्चेत त्या दिवशी मी पहिल्यांदा बोललो. गायीची कळ, पाय, नाक, सगळं सांगितलं. बाई मध्ये काही बोलल्या नाहीत. नंतर एवढंच म्हणाल्या, “हे लिही.”

माझी एक तक्रारही आहे आणि ती लिहिल्याशिवाय हे पुरं होणार नाही. काही सिनेमांत माणसं फार बोलतात. जे चेहऱ्यावर दिसलेलं असतं ते पुन्हा वाक्यात येतं, आणि ते वाक्य नीटनेटकं, सुशिक्षित पुण्याचं असतं. ‘नितळ’मध्ये मला हे टोचलं. ‘कासव’मध्येही एक-दोन ठिकाणी वाटलं की दत्ताभाऊंनी थोडं कमी समजावलं असतं तरी चाललं असतं. बाई हे मान्य करत नाहीत. त्या म्हणतात, आपल्या घरांत माणसं बोलतातच, आणि ज्यांना कधी कुणी समजावून सांगितलं नाही त्यांच्यासाठी हे सिनेमे आहेत. असेलही. पण ‘दिठी’ करणाऱ्या दिग्दर्शकाला बोलण्याची गरज नव्हती, असं माझं मत आहे आणि ते अजून बदललेलं नाही.

आता कॅन्टीनमध्ये पोरं विचारतात, दादा, सुरुवात कुठून करू? ‘दिठी’ने करू नका, असं मी सांगतो. बारा तास ओटी करून आलेल्या माणसाला तो पाऊस झोपवेल. ‘एक कप च्या’ लावा. २००९ चा. एसटीचा साधा कंडक्टर, पुन्हा किशोर कदमच. त्याला हजारो रुपयांचं विजेचं बिल येतं. तो भांडण करत नाही, बंदूक उचलत नाही. माहितीच्या अधिकाराचा अर्ज भरायला शिकतो. प्रत्येक टेबलवर त्याला कुणीतरी ‘या, बसा, बघू’ म्हणतं आणि प्रत्येक वेळी आपल्यालाच घाम फुटतो. आमच्यातल्या ज्या कुणी नाव चुकलेल्या सातबाऱ्यापायी तालुक्याला खेटे घातलेत, त्याला तो पहिल्या दहा मिनिटांत कळेल. तिथून ‘देवराई’, मग ‘अस्तु’, मग ‘कासव’. ‘दिठी’ पावसाळ्यात.

माझे अजून पुष्कळ बघायचे राहिलेत. ‘दोघी’ १९९५ चा, सोनाली कुलकर्णी आणि रेणुका दफ्तरदारचा, तो बाई पुढच्या महिन्यात लावणार आहेत. ‘वास्तुपुरुष’ला राष्ट्रीय पुरस्कार आहे आणि तो कळायला जड आहे असं ऐकलंय. ‘संहिता’त गाणी आहेत म्हणून बायको तो आधी लाव म्हणते. ‘दहावी फ’ मात्र मी वाचनालयात बघणार नाही, घरी मुलीबरोबर बघणार आहे. नापासाचा शिक्का बसलेल्या तुकडीची गोष्ट आहे ती, आणि मुलगी यंदा दहावीत आहे. चाचणीत तिला गणितात कमी पडले. का पडले, हे मी तिला अजून विचारलेलं नाही.